निरोप

एका दिवसाच्या बौद्ध ध्यान शिबिरात सगळ्यांचे मोबाइल कपाटात जमा झाले. आता मौनाची घंटा वाजणार, तेवढ्यात धाकटी जाऊ थोरलीच्या कानाशी वाकली.

"ताई, तुमच्या आईंचा फोन आला होता मला. आवाज अगदी खोल गेला होता. तुम्हाला लगेच पाठव म्हणाल्या."

घंटा वाजली.

दिवसभर थोरलीचा जीव थाऱ्यावर नव्हता. दोनदा ती उठली, दोनदा भिक्खुणीने मायेने खांद्यावर हात ठेवून तिला खाली बसवलं. जेवताना तिने डोळ्यांत पाणी आणून खुणेनं विचारलं, काय झालंय? धाकटी शिकवल्याप्रमाणे एकेक घास सावकाश चावत राहिली.

संध्याकाळी मौन सुटताच थोरलीने कपाटातून मोबाइल घेऊन आईला फोन लावला.

"मी कुठे फोन केला गं?" पलीकडून आई हसली. "चांगली ठणठणीत आहे की!"

थोरली धाकटीवर उसळली. "खोटा निरोप? अगं, सकाळपासून तीळ तीळ तुटले मी!"

"माझ्या आईचा खरा होता, ताई," धाकटी म्हणाली. "तुम्ही तो त्या दिवशी पाहुणे जेवून गेल्यावर दिलात. तोवर ती गेली होती."