सरांचा पुतळा

"मान जरा वर घ्या, सर," शिल्पकार म्हणाला.

म्हातारबुवांनी मान वर घेतली. तिपाईवरच्या मातीला आता कपाळ आलं होतं, नाक आलं होतं.

पहिल्या दिवशी शिल्पकारानं दारात उभं राहून सांगितलं होतं, "मी तुमचा चित्रकलेचा विद्यार्थी, सर. तुमचा पुतळा करून शाळेला द्यायचाय." म्हातारबुवांनी दाराची कडी घट्ट धरली. मग म्हणाले, "आत या."

तेव्हापासून रविवार उजाडला की ते घोटून दाढी करत आणि एरवी रद्दीखाली दबलेली दुसरी खुर्ची मोकळी करून पुसून ठेवत.

काम करता करता शिल्पकार बोलत राही. शाळा सुटल्यावर त्यानं दुकानांच्या पाट्या रंगवल्या. मग तैलरंगातली माणसं. प्रदर्शनं झाली, बक्षिसं मिळाली. पुढे बोटं थरथरू लागली, बारीक ब्रश धरवेना, तेव्हा त्यानं मातीत हात घातला. माती थरथर सांभाळून घेते, तो म्हणाला. बायको गेल्यावर स्टुडिओ तेवढा उघडा ठेवला. बाकी खोल्यांना कुलूप.

"मुलंबाळं?"

"एक मुलगी. लांब असते. फोन करते."

"माझाही मुलगा करतो," म्हातारबुवा म्हणाले. शिल्पकारानं मातीवर पाणी शिंपडलं.

"मी काढलेला घोडा आठवतो, सर? तुम्ही सगळ्या वर्गाला दाखवला होता."

म्हातारबुवा खिडकीबाहेर बघू लागले. "वय झालं हो. तुम्हीच सांगा, कसा होता."

शिल्पकारानं घोडा अगदी शेपटीपर्यंत सांगितला. म्हातारबुवा मधेमधे "मग?" म्हणत होते.

पुतळा खरं तर केव्हाच व्हायला हवा होता. पण कधी शिल्पकाराला कान जमत नसे, कधी म्हातारबुवांना हनुवटी पटत नसे.

एका रविवारी शिल्पकार म्हणाला, "आज ओठ झाले की संपलं. खाली तुमचं नाव कोरतो."

म्हातारबुवांचा चेहरा उतरला.

"नाव नका घालू. मी सर नाही. सर वरच्या मजल्यावर राहायचे. दोन वर्षांपूर्वी त्यांना दवाखान्यात नेलं, ते परत आलेच नाहीत. तुम्ही चुकून खालची बेल वाजवलीत. मी पोस्टात होतो. मला साधी सरळ रेघ मारता येत नाही. दारात कुणीतरी आलं होतं, एवढंच. तुमचे इतके रविवार फुकट घालवले. रागवायचं तर रागवा."

शिल्पकारानं अंगठ्यानं ओठांची नुकतीच जमलेली कड दाबली आणि सगळी मोडून टाकली.

"ठाऊक आहे मला," तो म्हणाला. "दवाखान्यात सरांच्या उशाशी मीच होतो."