ओळख पटेपर्यंत

भिवाबांच्या धाकट्या लेकीचं लग्न झालं त्याच वर्षी शेंगदाण्याच्या लाडवाने त्यांच्या नातीचा घसा सुजला, दवाखाना गाठावा लागला.

"रक्तातल्या राखणदार पेशी दाण्याला चोर समजतात," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "इथे आमच्यासमोर कणाकणाने देऊ. हळूहळू ओळख पटेल."

सून घाबरली. "मामंजी, नकोच! पुन्हा सुजला तर?"

"अगं, आपला वाघ्या नव्या जावईबापूंवर धावून गेला होता ना? त्यांनी रोज हात हुंगायला दिला. आता त्यांच्याच पायात घोटाळतोय."

दोन वर्षांनी नातीने डॉक्टरीणबाईंपुढे अख्खा दाणा चावून खाल्ला. तासभर सगळे तिच्या तोंडाकडे बघत बसले. मग तीच म्हणाली, "आबा, माझे वाघे भुंकलेच नाहीत!"

म्हातारा वाघ्या त्याच वर्षी, दिवाळीच्या पाडव्याला, जावयाच्या मांडीवर डोकं ठेवून मेला.