सतरा सालचं पिस्तूल

फौजदारानं टेबलावरचं फडकं बाजूला केलं. "मेला तेव्हा तुझ्या पोराच्या हातात हे होतं. गोळी उगाच नाही घातली आम्ही. पलटणीत साहेबांची पिस्तुलं पुसायचास ना तू? मग ओळख, आणि मढं घेऊन जा."

कोंडीरामनं वाकून बघितलं. "लष्करी आहे. विलायती."

"साल?"

"सतरा कोरलंय. पण बनलंय गेल्या गणपतीत, लालबागला, माझ्या खोलीत. उचलून बघा, साहेब."

फौजदारानं उचललं. सागाचं लाकूड, वर काजळी आणि तेलाचा हात. चटका बसल्यासारखं त्यानं ते खाली टाकलं.

"काल नाक्यावर संयुक्त महाराष्ट्राचा वग होता. माझा काशा त्यात फौजदार झाला होता."

"लांबून खरंच वाटलं रे," फौजदार पुटपुटला.

कोंडीरामनं पिस्तूल उचललं. तो ते रंगवत होता तेव्हा काशा हसला होता, "आबा, एवढं हुबेहूब कशाला? लांबून कोण बघतंय?"

आणि कोंडीराम ऐटीत म्हणाला होता, "अरे येड्या, लांबूनच तर खरं वाटायला पाहिजे!"