उलटा शिक्का

पावलक आजोबा दर शनिवारी डेल्बर्टच्या शिकागोतल्या वाद्यांच्या दुकानात यायचे, जुन्या ड्रमची तोंडं उघडायला लावायचे, आत बॅटरी मारून बघायचे आणि काही न घेता जायचे. डेल्बर्ट पार मेटाकुटीला आला होता.

आज त्याने आधीच सांगून टाकलं, "आजोबा, हा सेट खोटा निघालाय. लाकूड, रंग, बिल्ला, सगळं त्या काळचं वाटतं. पण आत कारखान्याचा तारखेचा शिक्का बघा, चारही ड्रमवर उलटा! नकली माल करायचा, तर शिक्का तरी धड मारायचा ना?"

आजोबांनी वाकून तारीख वाचली. आठ मे एकोणीसशे चौसष्ट.

"बांधून दे," ते म्हणाले.

"अहो, खोटा आहे म्हणतोय ना! आणि तुम्हाला वाजवता तरी येतं का?"

"छे रे. मी त्या कारखान्यात ड्रमचं लाकूड वाकवायचो. शिक्के मारायला आमची झोशा. म्हणजे तेव्हा आमची नव्हती. त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी तिला लग्नाचं विचारलं. ती काहीच बोलली नाही. पण सुट्टीनंतर एकही शिक्का तिच्या हातून सुलटा पडला नाही."