कोट धुण्याआधी

"धुण्याआधी एकदा घालून बघा," लाँड्रीवाला म्हणाला. "शेवटचा ज्या दिवशी अंगात होता, त्या दिवशी जाऊन पोचाल. एकदा धुतला की तो दिवसही गेला."

'उद्या संध्याकाळी मिळेल' म्हणावं इतक्या सहज त्यानं हे सांगितलं. भाचीनं काउंटरवरचा निळा कोट पुन्हा हातात घेतला. कोट आत्याचा. परगावच्या मोठ्या नोकरीवर निघताना तिनं तो घातला, आणि गेलीच नाही. कोटही पुन्हा कधी अंगात घातला नाही. आईबापाविना राहिलेल्या भाचीला वाढवण्यात तिची सगळी उमेद गेली. त्याबद्दल ती कधी एका शब्दानं बोलली नाही, म्हणूनच भाचीच्या मनाला ते जास्त लागून राहिलं होतं. आज तिला पाठवायचीच. मग आपलं काय व्हायचं ते होवो.

तिनं कोट अंगात चढवला.

खोली लहानशीच. कॉटवर दीडेक वर्षाची पोर पालथी झोपलेली, तोंडाचा आ वासून. दाराशी भरलेली बॅग, आणि बॅगेजवळ तरणीताठी आत्या. अंगात तोच निळा कोट, नवाकोरा.

"कोण हो तुम्ही?"

"ते राहू द्या. तुम्ही आधी निघा, गाडी चुकेल," भाची एका दमात म्हणाली. "शेजारच्या काकू पोरीला ठेवून घेतायत ना? मग झालं तर! आज नाही गेलात, तर जन्मभर इथंच अडकून पडाल."

आत्यानं तिच्या कोटाकडे पाहिलं. मग स्वतःच्या. भाचीच्या कोटाचा रंग विटला होता, पण बटणं तीच, आणि खिशाची वाकडी शिवणही तीच. ती तिनं स्वतःच घातली होती. मग ती कॉटवरच्या पोरीकडे बघत राहिली, आणि तिच्यावरून पुन्हा भाचीच्या तोंडाकडे.

"हे सांगायला एवढ्या लांबून आलीस?"

भाचीला रडूच फुटलं. "जा ना गं आत्या."

"निघालेच होते." आत्या कॉटच्या कडेला टेकली. "नोकरीचं आपलं निमित्त गं. खरं तर घाबरले होते. माझ्यासारख्या तिरसट बाईच्या हातून हे पोर धड वाढेल, असं वाटेचना." तिनं भाचीला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, आणि तिचा चेहरा खुलत गेला. "बरी वाढलीस की!"

तिनं बॅग पायानं कॉटखाली सारली.

"बस. दूध तापवते. दोघींना."