समोरचा काउंटर

पिवळ्या टी-शर्टातली केतकी काउंटरवर पार घामाघूम झाली होती. तिच्या स्वस्तातल्या विमान कंपनीचं या शहरातलं पहिलंच उड्डाण, समोर दीडशे माणसांची रांग, आणि बॅगांच्या चिठ्ठ्या छापणारं मशीनच बंद! विमान उशिरा सुटलं तर विमानतळवाले ही सकाळची वेळ काढून घेणार होते.

समोरच्या काउंटरवर निळ्या कोटात बाबा उभे होते. इथे बावीस वर्षं त्यांच्याच कंपनीचं राज्य! लेक नव्या कंपनीत लागल्यापासून महिनाभर त्यांनी अबोला धरला होता.

तेवढ्यात बाबा चक्क रांग ओलांडून आत आले, पेन काढलं आणि कोऱ्या चिठ्ठ्यांवर झरझर हाताने लिहायलाच बसले. "आमच्या वेळी मशीन कुठं होतं गं? मी लिहितो, तू बांधत जा."

"पेडणेकर, तुम्ही नक्की कुणाचे?" पलीकडून त्यांचे साहेब ओरडले.

"साहेब, माझी चहाची सुट्टी चालू आहे!"

विमान वेळेवर उडालं. केतकीला रडूच फुटलं.

"रडतेस काय, वेडे?" बाबा कोट झटकत म्हणाले. "उद्यापासून तुझा एकेक प्रवासी पळवतो की नाही बघ!"