खिडकीतल्या दोन काचा

डॉक्टरीणबाईंनी चपटी लाकडी काडी भुजंगच्या गालाला आतून घासली आणि तिला लागलेला ओलसर थर काचेच्या पट्टीवर पसरला. भुजंगने डोळे गच्च मिटून घेतले होते. एरवी बैल अंगावर आला तरी न हटणारा गडी, एवढ्याशा काडीला भ्याला.

भ्यायला कारणही होतं. गालात पांढरा चट्टा पडला होता, आणि त्याचा थोरला भाऊ माणिकराव दोन वर्षांपूर्वी अशाच चट्ट्याने, घास गिळवेना म्हणून उपाशी गेला होता. वालूरच्या शाळेत तपासणीला निघतानाच भुजंगने बायकोला सांगून टाकलं होतं, "मनकर्णे, माझ्यात काई निघालं तं म्या इहिरीत उडी घेतो. दादावानी झिजून मरायचं न्हाई मला."

तो बोललेलं करणारा माणूस होता.

बाईंनी समजावून सांगितलं. पेशीच्या गाभ्यात गुणसूत्रं असतात, ती तुटली की तुकडे बाजूला पडतात आणि सूक्ष्मदर्शकात दिसतात. गाठ यायच्या आधीच धोका कळतो. तुलनेसाठी मात्र त्याच घरातलं, तंबाखू न खाणारं माणूस हवं होतं.

मनकर्णा पुढे झाली. तंबाखू खाता का, असं विचारल्यावर तिने ठाम नाही म्हटलं. ते तिच्या लेखी खरंच होतं. नवऱ्याच्या चंचीतला तंबाखू तव्यावर भाजून ती सकाळ-संध्याकाळ मिसरी लावायची, पण मिसरी दातांसाठी असते. तिला खाणं कोण म्हणेल?

दोघांच्या काचा खिडकीत वाळत ठेवल्या, प्रत्येकीखाली नावाची चिठ्ठी. बाई पुढच्या माणसाकडे वळल्या. वाऱ्याने चिठ्ठ्या उडतील म्हणून मनकर्णा तिथेच उभी राहिली.

पुढे महिनाभर तिने कालवणात मिरची घातली नाही. भुजंगला झोंबायचं. हल्ली तिलाही झोंबायचं, पण दुखणेकऱ्याच्या घरात आपलं काय सांगत बसायचं.

निकालाच्या दिवशी बाईंनी दोघांना समोर बसवलं. भुजंगच्या काचेत तुटके तुकडे फार होते. गालाचा तुकडा काढून लवकर तपासायला हवा होता. मनकर्णाची काच मात्र साफ होती.

"तंबाखूपासून लांब राहिलात ना, म्हणून," बाई तिला म्हणाल्या.

भुजंग उठला. बाहेर येऊन त्याने टोपी काढली, तिच्या हातात दिली आणि मळ्याच्या वाटेला लागला. विहीर तिकडेच होती.

मनकर्णाने धावत जाऊन त्याचा हात धरला. तिला रडू आवरत नव्हतं. ती आपल्यासाठीच रडतेय असं त्याला वाटलं. तिची जीभ गालाच्या आतल्या झोंबऱ्या जागेवरून फिरली.

"घरी चला," ती म्हणाली. "तुमाला काई झालं न्हाई. त्या दिशी खिडकीतल्या चिठ्ठ्या म्या बदलल्या व्हत्या."